कमानीखालचा कायदा
मुंबईच्या वारसा नियमांचा धांडोळा

मुंबईत बोरीबंदरहून हुतात्मा चौकाकडे दादाभाई नौरोजी रस्त्याने निघालेल्या माणसाला भर जुलैतही बराच वेळ छत्री उघडावी लागत नाही. इमारतींच्या तळमजल्यावरून कमानींची ओळ पुढे सरकत राहते आणि तिच्या आडोशाने माणूस चालत राहतो. मान वर करून पाहिले तर या इमारतींचा एकमेकींशी काही मेळ दिसत नाही. एक गॉथिक वळणाची, दुसरी ग्रीक-रोमन खांबांची, तिसरीवर घुमट आणि जाळ्या. खाली उतरताना मात्र सगळ्या जणी शिस्तीत एका ओळीत येतात.

ही शिस्त कोणा एका वास्तुविशारदाची नव्हे. तिच्या मागे एक सरकारी नियम आहे. १८९६ मध्ये या रस्त्यावर (तेव्हाचा हॉर्नबी रोड) बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवणे सक्तीचे करण्यात आले. शैली ज्याची त्याने निवडावी, पण ओवरी सोडलीच पाहिजे. आज पर्यटक ज्या रस्त्याची छायाचित्रे काढतात तो या एका नियमातून घडला.

याच रस्त्याला जपणारा दुसरा नियम त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये आला. तो ‘नियम ६७’ या रुक्ष नावाने ओळखला जातो. ताजमहाल किंवा अजिंठा यांना जपणारे कायदे आपल्याला ऐकून माहीत असतात. पण माणसे राहतात, दुकाने चालतात, वकील अशिलांना भेटतात, अशा चालत्याबोलत्या शहराचे जुने रूप राखायचे तर त्यासाठी स्थानिक कायदाच लागतो. तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घ्यायला मुंबईइतके चांगले उदाहरण देशात दुसरे नाही.

तट पडला, रस्ता उभा राहिला

मुंबईचा फोर्ट हा विभाग नावाप्रमाणे एकेकाळी खरोखरच तटबंदीच्या आत होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, हा तट पाडला गेला. कापसाच्या तेजीचा तो काळ. तटामुळे अडलेली जमीन मोकळी झाली, रस्ते रुंद झाले, भूखंड विकले गेले आणि नव्या सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहू लागली. १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन झाले. पुढे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस आणि त्यासमोरची महापालिकेची इमारत उभी राहिली. हॉर्नबी रोड या दोन टोकांना जोडणारा रस्ता झाला.

१८९६ चा नियम यशस्वी का झाला, याचा विचार केला तर एक साधे गणित हाती लागते. मालकाला तळमजल्यावरची थोडी जागा पादचाऱ्यांसाठी सोडावी लागे, पण ओवरीच्या वरचे मजले त्याचेच राहत. खाली सावली असल्यामुळे गिऱ्हाईक दुकानासमोर रेंगाळे. नियम पाळण्यात मालकाचाही फायदा होता. ज्या नियमात मालकाचे हित गुंफलेले असते तो टिकतो आणि ज्यात नसते त्याला पळवाटा फुटतात. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना हे सूत्र पुन्हा पुन्हा समोर येते.

स्मारक वेगळे, वस्ती वेगळी

जुन्या वास्तू जपण्याचा आपल्याकडचा कायदेशीर विचार सुरू झाला तो स्मारकांपासून. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा आला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा प्रामुख्याने १९५८ च्या केंद्रीय कायद्याने घेतली. त्याखाली राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित झालेली स्मारके आणि स्थळे देशभरात सुमारे ३,७०० आहेत. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा कायदा केला आणि राज्य संरक्षित स्मारकांची वेगळी यादी तयार झाली.

या कायद्यांची एक मर्यादा त्यांच्या व्याख्येतच आहे. केंद्रीय कायद्यानुसार वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. त्या हिशेबाने १९९५ साली मरीन ड्राइव्हवरच्या इमारती ‘प्राचीन’ ठरणे शक्यच नव्हते, त्या जेमतेम साठीला पोचल्या होत्या. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. स्मारक म्हणजे रिकामी केलेली, कुंपण घातलेली, तिकीट लावलेली वास्तू असे चित्र या कायद्यांच्या डोळ्यांसमोर आहे. भाडेकरू, पोटभाडेकरू, पागडी, वारसांचे दावे आणि गळके छप्पर असलेल्या चार मजली इमारतीला ते बसत नाही.

स्मारकाचा कायदा वस्तीवर लागू झाला की काय होते, हे पुण्यात शनिवारवाड्याभोवती दिसते. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती तेवढी उरली. ते केंद्र संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण असे वर्तुळ कायद्याने आखले. या वर्तुळात कसबा आणि शनिवार पेठेतले जुने वाडे येतात. त्यांच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण मोडकळीला आलेला वाडा पाडून नवे घर बांधणे अडते. गंमत अशी, की वाड्यांचे लाकडी खांब, चौक, दिंडी दरवाजे यांच्याशी या बंदीला काही देणेघेणे नाही. ती फक्त अंतर मोजते. त्यामुळे वाडा जपलाही जात नाही आणि बदलताही येत नाही.

दुसऱ्या शहरांनी काढलेला मार्ग

हा पेच जगातल्या अनेक शहरांना पडला आणि बहुतेकांनी उत्तर शोधले ते स्थानिक नियमांत. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराने १९३१ मध्येच एका जुन्या भागाला संपूर्ण परिसर म्हणून संरक्षण दिले. फ्रान्सने १९६२ मध्ये आणि ब्रिटनने १९६७ मध्ये एकट्या वास्तूऐवजी संपूर्ण भाग संरक्षित करण्याची तरतूद केली. न्यूयॉर्कला जाग आली ती एका मोठ्या नुकसानीनंतर. तिथले भव्य पेन्सिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडले जाऊ लागले, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये शहराचा वास्तुसंरक्षण कायदा झाला.

न्यूयॉर्कचा अनुभव आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर मनोरा बांधायला शहराने नकार दिला, तेव्हा मालक कंपनी न्यायालयात गेली. आमची मालमत्ता असून आम्हाला तिचा पुरता उपयोग करू देत नाही, म्हणजे ती हिरावून घेतल्यासारखेच झाले, असा तिचा दावा होता. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. त्यात एक मुद्दा असा होता, की न वापरलेला बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या दुसऱ्या भूखंडांवर वापरता येत होता. मालकाला ‘नाही’ म्हणताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवले पाहिजे, हा विचार तिथून पक्का झाला. आपल्याकडे हाच विचार हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ‘टीडीआर’, या नावाने आला.

नियम ६७

मुंबईत १९७० आणि १९८० च्या दशकांत जुन्या बंगल्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले, तशी काही नागरिकांनी चळवळ सुरू केली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप आणि त्याचे प्रमुख कार्यकर्ते श्याम चैनानी यांचा त्यात मोठा वाटा होता. मोर्चे आणि घोषणा हे त्यांचे मुख्य हत्यार नव्हते. ते नियमावल्या वाचत, मसुदे लिहीत, मंत्रालयाकडे आणि महापालिकेकडे पत्रांचा पाठपुरावा करत आणि गरज पडली की न्यायालयात जात. इमारतींच्या याद्या करण्याचे किचकट काम अभ्यासक आणि वास्तुविशारद यांनी गल्लीबोळ पायी फिरून केले.

१९९१ मध्ये बृहन्मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातला ६७ क्रमांकाचा नियम वारशासाठी होता. राज्याच्या नगररचना कायद्यात ‘वारसा इमारत’ आणि ‘वारसा परिसर’ हे शब्द दुरुस्ती करून घालण्यात आले आणि एप्रिल १९९५ मध्ये नियमाला आणि यादीला शासनाची मंजुरी मिळाली. यादीत सुमारे ६३० नोंदी होत्या. अशा प्रकारे वारसा नियम करणारी मुंबई ही देशातली पहिली महानगरी मानली जाते.

नियमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या. श्रेणी १ म्हणजे शहराची मानचिन्हे, राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. त्यांना बाहेरून किंवा आतून हात लावायचा तो फक्त मजबुतीसाठी, आयुष्य वाढवण्यासाठी. श्रेणी २ म्हणजे स्थानिक महत्त्वाच्या वास्तू. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. ‘अ’मध्ये आतले बदल चालतात, पण दर्शनी रूप राखावे लागते. ‘ब’मध्ये त्याच आवारात जुन्या इमारतीला शोभेल अशी भर घालता येते. श्रेणी ३ मध्ये एकट्याने फार मोठ्या नसलेल्या, पण मोहल्ल्याला चेहरा देणाऱ्या इमारती येतात. एखाद्या समाजाची राहणी, रस्त्याची ठेवण, घरांची सारखी उंची यांचे मोल इथे मानले आहे.

चौथी आणि सर्वांत नवी कल्पना म्हणजे ‘वारसा परिसर’. घर एकटे नसते, ते आळीचे असते, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. पण कायद्याच्या भाषेत ते पहिल्यांदा इथे आले. फोर्ट, मरीन ड्राइव्ह, गिरगावातली खोताची वाडी असे परिसर यादीत आले.

परवानगी देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांचा. त्यांना सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. तिच्यात वास्तुविशारद, संरचना अभियंते, इतिहासाचे जाणकार असावेत अशी व्यवस्था आहे. आयुक्तांना समितीचा सल्ला डावलता येतो, पण अपवाद म्हणून आणि लेखी कारणे देऊन. वास्तू पाडायची असेल तर आधी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. म्हणजे निर्णयाची सही एका अधिकाऱ्याची असली, तरी ती सही अंधारात होऊ नये अशी ही तजवीज आहे.

पाट्यांची गोष्ट

या नियमाचे चांगले फळ पाहायचे तर पुन्हा दादाभाई नौरोजी रस्त्यावरच यावे लागते. १९९० च्या दशकाअखेर या कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. दुकानांच्या पाट्या, निऑनचे दिवे, वातानुकूलन यंत्रांचे डबे, प्लॅस्टिकच्या छपऱ्या यांनी दर्शनी भाग झाकून टाकला होता. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या वारसा संवर्धन सोसायटीने या रस्त्याचा अभ्यास करून घेतला. तो आभा नारायण लांबा या संवर्धन वास्तुविशारदाने केला. प्रत्येक इमारतीची मोजमापे घेऊन पाटी कुठे लावावी, केवढी असावी, कोणत्या कमानीत बसवावी, याची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली.

मालकांना आणि दुकानदारांना यात बोलावून घेतले गेले. कोणाच्याही दुकानाचे नाव काढून टाकायचे नव्हते, फक्त ते कमानीच्या आत, ठरलेल्या जागी आणायचे होते. अनेक दुकानदारांनी आपल्या खर्चाने पाट्या बदलल्या. इमारत उघडी पडली की दुकानही उठून दिसते, हे त्यांच्या लक्षात आले. थोड्याच अंतरावर काळा घोडा भागात १९९८ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशनने कला महोत्सव सुरू केला आणि त्यातून येणारा पैसा परिसराच्या डागडुजीला लावण्याची पद्धत पाडली. इथेही तेच सूत्र दिसते. नियम आणि हित एका बाजूला आले की काम होते.

२०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातली गोलाईदार सज्ज्यांची निवासी घरे, शिवाय मरीन ड्राइव्ह, अशा ९४ इमारती त्यात आहेत. अशा नामांकनात युनेस्कोला पहिली गोष्ट हवी असते ती कायदेशीर संरक्षणाची. ते दाखवता आले, कारण नियम ६७ तेवीस वर्षे आधीपासून अस्तित्वात होता. अनेक वर्षे पाठपुरावा करणारे रहिवासी आणि नियम लिहिणारे कार्यकर्ते या दोघांचेही ते यश होते.

भाडे, उपकर आणि चटई क्षेत्र

आता नाण्याची दुसरी बाजू. वारसा नियम इमारत *पाडायला* मनाई करतो. ती *पडू* नये यासाठी त्याच्या हातात फारसे काही नाही. आणि मुंबईतल्या बहुसंख्य जुन्या इमारतींना धोका आहे तो हातोड्यापेक्षा पावसाचा, वाळवीचा आणि रिकाम्या खिशाचा.

याचे मूळ १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. युद्धकाळात आणि फाळणीच्या काळात भाडेकरूंना संरक्षण देणे गरजेचेच होते. पण त्यासाठी भाड्याचा आधार मानला गेला तो सप्टेंबर १९४० चा, आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी भाडी तिथेच घुटमळत राहिली. ज्या इमारतीचे मासिक भाडे तिच्या झाडलोटीलाही पुरत नाही, तिच्या सागवानी तुळया मालक कशाला बदलेल? आणि जागा आपल्या नावावर नाही, तर भाडेकरू तरी का बदलेल? १९६० च्या दशकात इमारती कोसळून माणसे मरू लागली, तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून दुरुस्ती करायची, अशी ती योजना. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. पुढे हे मंडळ म्हाडात विलीन झाले. उपकराच्या तुटपुंज्या पैशात जी दुरुस्ती होई, ती बहुधा टेकूची. लाकडाच्या जागी लोखंडी तुळई, नक्षीदार कठड्याच्या जागी सिमेंटच्या जाळ्या.

मग उपाय म्हणून आला पुनर्विकास. शहर बेटावर सर्वसाधारण चटई क्षेत्र निर्देशांक १.३३ असताना, उपकरप्राप्त इमारतींसाठी तो १९९१ च्या नियमावलीत २ आणि १९९९ मध्ये २.५ किंवा त्याहून अधिक करण्यात आला. भाडेकरूला फुकट नवे घर, विकासकाला वरचे मजले विकायला. त्याच वेळी उपकरप्राप्त इमारत श्रेणी ३ मधली किंवा वारसा परिसरातली असेल, तर अशा पुनर्विकासासाठी वारसा समितीच्या परवानगीची अट शिथिल करण्यात आली. एका हाताने दिलेले संरक्षण दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार होता. आणि ते नेमके त्या श्रेणीचे काढले, जिच्यात गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथल्या सामान्य माणसांच्या इमारती येतात. मानचिन्हे सुरक्षित राहिली. वस्ती उघडी पडली.

टीडीआरची भरपाईही इथे तोकडी पडली. कल्पना अशी, की वारशामुळे मालकाला जेवढे बांधकाम करता येत नाही तेवढ्याचा हक्क त्याने दुसरीकडे विकावा. पण फोर्टमधल्या अनेक दाट इमारतींनी शंभर वर्षांपूर्वीच आजच्या मर्यादेपेक्षा जास्त जागा वापरलेली आहे. त्यांच्याकडे विकायला काही शिल्लकच नाही. दुरुस्तीसाठी निधी उभारता येईल अशी सोय नियमात होती, पण ‘उभारता येईल’ आणि ‘उभारावा’ यांत किती अंतर असते हे सरकारी कागद वाचणाऱ्याला ठाऊक असते.

दोन उदाहरणे

काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी सांगाडे जहाजाने आणून १८६० च्या दशकाअखेर ती उभारली गेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. म्हणजे हॉर्नबी रोडला ओवरीचा नियम लागला, त्याच वर्षी. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे पडले आणि शेजारच्या न्यायालयांमुळे वकिलांची कार्यालये त्यात आली. इमारत श्रेणी २-अ मध्ये आहे. जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादीतही ती २००६ साठी घेतली गेली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला होता. शेवटी २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली आणि पाडायची की सावरायची, यावर तज्ज्ञांचे परस्परविरोधी अहवाल न्यायालयात आले. यादीत नाव असूनही ही वेळ का आली? कारण अनेक भाडेकरू, नाममात्र भाडे आणि कोणीच न घेतलेली जबाबदारी यांवर यादीत उत्तर नव्हते.

दुसरे उदाहरण खोताच्या वाडीचे. गिरगावात खोतांच्या जमिनीवर वसलेली ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची वाडी. लाकडी व्हरांडे, बाहेरून जाणारे जिने, कौलारू छपरे, दारापुढे क्रूस. एकेकाळी अशी साठाहून अधिक घरे इथे होती. आज निम्मीही उरलेली नाहीत. एका बंगल्याच्या जागी मनोरा उभा राहिला, की शेजारच्याची हवा जाते, उजेड जातो आणि भाव मात्र चढतो. मग पुढची पिढी विकायला तयार होते. परिसर म्हणून नोंद असली, तरी प्रत्येक घराचा निर्णय शेवटी त्या घरातले वारसच घेतात.

यादीत कोण, यादीबाहेर कोण

प्रत्येक यादी ही एक नजर असते. १९९५ च्या यादीची नजर फोर्ट, मलबार हिल आणि ब्रिटिशकालीन सार्वजनिक इमारती यांवर जास्त होती. गिरणगावाकडे ती फारशी वळली नाही. गिरण्यांच्या जमिनींचे भवितव्य त्याच नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ठरले. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन मोकळ्या जागेपुरती आक्रसली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. ज्या चिमण्यांच्या भोंग्यांवर अर्धे शहर उठत होते, त्यांतल्या बहुतेक कसलाही गाजावाजा न होता गेल्या. एकाच पुस्तकातले दोन नियम. एकाने दगडी घुमट वाचवले, दुसऱ्याने विटांचे धुराडे जाऊ दिले.

२०१२ मध्ये महापालिकेने आठशेहून अधिक नव्या नोंदींची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रश्न उलटा झाला. तीत शिवाजी पार्कभोवतीची तीन-चार मजली घरेही परिसर म्हणून आली. अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये ज्या मैदानाला शिवरायांचे नाव मिळाले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्याने पाहिल्या, त्याच्या कडेची ही घरे. वारसा म्हणून त्यांची निवड चुकीची नव्हती. पण रहिवाशांनी जोरदार विरोध केला. जिना चढवत नाही म्हणून लिफ्ट हवी असलेली वयस्कर माणसे, वाहनतळ नाही म्हणून वैतागलेले संसार, पुनर्विकासाची बोलणी अर्ध्यावर आलेल्या सोसायट्या. त्यांना ‘वारसा’ या शब्दाचा अर्थ ‘आता आयुष्यभर असेच’ एवढाच कळला होता. नियम नीट वाचला तर श्रेणी ३ किंवा परिसरातली घरे बदलता येतात, हे त्यांना कोणी पुरेसे समजावून सांगितले नाही. आणि सांगितले असते, तरी दुरुस्तीचा पैसा कोण देणार, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतेच.

या लोकांना वारशाचे शत्रू म्हणणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. शहराच्या सौंदर्याचा खर्च मूठभर घरांनी उचलावा आणि आनंद सगळ्यांनी घ्यावा, हा व्यवहार टिकणारा नाही.

पुढचा नियम कसा असावा

२०१८ मध्ये मुंबईची नवी विकास नियमावली लागू झाली आणि नियम ६७ ची जागा ५२ व्या नियमाने घेतली. श्रेण्या, समिती, परिसर ही चौकट कायम आहे. महाराष्ट्रातल्या इतर शहरांनीही आपापल्या याद्या केल्या आहेत किंवा करत आहेत. प्रत्येक ठिकाणी पहिला उत्साह यादी करण्याचा असतो. जुन्या वास्तूंची छायाचित्रे, नकाशे, श्रेण्या, एखादे देखणे पुस्तक. हे काम आवश्यक आहे. पण मुंबईच्या अनुभवावरून एवढे नक्की म्हणता येईल, की यादी हे कामाचे निम्मे अंगसुद्धा नाही.

वारसा नियमाच्या शेजारी भाड्याचा, उपकराचा आणि चटई क्षेत्राचा नियम ठेवून तो वाचला पाहिजे. हे चारही नियम एकाच इमारतीला चार दिशांना ओढत असतील, तर जिंकणार तोच ज्याच्यामागे पैसा आहे. यादीतल्या घराला मालमत्ता करात सवलत, दुरुस्तीसाठी हमखास निधी, जुने लाकूडकाम जाणणारे सुतार आणि चुन्याचे काम येणारे गवंडी उपलब्ध करून देणे, आत लिफ्ट आणि स्वच्छतागृह बसवण्याची सुटसुटीत परवानगी, या गोष्टी घुमटाइतक्या देखण्या नाहीत. पण घर त्यांच्यावर उभे राहते. श्रेणी ३ ला दुय्यम समजणे थांबवणे ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. राजाबाई टॉवरला पाडायला कोणी धजणार नाही. प्रश्न आहे तो भुलेश्वरच्या कोरीव सज्ज्याचा, पुण्यातल्या पेठेतल्या दिंडी दरवाजाचा आणि कोकणी वाडीतल्या ओटीचा.

आणि एक नागरिक म्हणून करता येण्याजोगी गोष्ट आहे. याद्यांचे मसुदे प्रसिद्ध होतात, हरकती-सूचनांची मुदत दिली जाते, सुनावण्या होतात. त्या काळात बहुतेक वेळा फक्त ज्यांचे हितसंबंध थेट अडकले आहेत तेच बोलतात. आपल्या आळीतली कोणती घरे यादीत आहेत, कोणत्या श्रेणीत आहेत, हे शोधायला एक दुपार पुरते. ती दुपार खर्च करणाऱ्यांची संख्या वाढली, तर पुढचा नियम लिहिताना त्यात आपले हितही गुंफले जाईल. १८९६ च्या ओवरीला जे जमले ते आपल्याला अशक्य नाही.